फाटकावरची खेळणी

ठाणं ठेसन मागं टाकून आगगाडी खाडीच्या पुलाकडं निघाली, की उजव्या हाताला कोपरीची मिठागरं लागत. मिठागरांकडं जाणारी गाडीवाट मधेच रूळ ओलांडून जाई. ओलांडी तिथं एक फाटक होतं आणि फाटकाला खेटून एक चौकी. चौकी म्हणजे काय, एक माणूस आडवा झाला की दुसऱ्यानं उभंच राहावं, एवढा दगडी खोका. पुढं रूळ, मागं तिवरांचा चिखल आणि दोन्ही अंगांना कंपनीचं तारेचं कुंपण. प्लेग यायच्या दहाएक वर्षं आधी त्या खोक्यात भिवा राहत होता, त्याची बायको तुळसा राहत होती आणि त्यांची पोर मथी.

कागदोपत्री फाटक भिवाचं. निळा डगला भिवाचा, लाल बावटा भिवाचा, कंदील भिवाचा. रात्रीच्या गाड्या तो बघायचा आणि उजाडलं की डगला खुंटीला लावून असा पडायचा, की उशाशी मेल गेली तरी कूस बदलत नसे. मग दिवसभराचं फाटक तुळसाचं. हे वर कुणाला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. मुकादम पंढरीला तर पक्कं ठाऊक होतं. पण त्या लाईनीवर जिथं जिथं फाटक तिथं तिथं हीच तऱ्हा. नवऱ्याला नोकरी लागली की बायकोलाही लागलीच, फक्त तिला डगला मिळत नसे.

तुळसा काटकुळी, उन्हानं करपलेली, जिभेची फटकळ. मिठाच्या बैलगाड्या फाटकाशी खोळंबल्या की गाडीवान तिला छेडायचे.

"अगो फाटकवाली, उघड की! बैल म्हातारा व्हईल माजा."

"बैल नाय व्हनार, तूच व्हशील. उतर न् पानी पाज त्याला," ती म्हणायची, आणि गाडी निघून जाईपर्यंत फाटक तसूभर हलवायची नाही.

तिचं माहेर कल्याणापल्याड, मोहन्याचं. समोरचे रूळ तिकडंच जात. तिच्या डोळ्यांदेखत बायका डब्यात बसून बाळंतपणाला जात, लग्नाकार्याला जात, खिडकीतून शेंगांची टरफलं तिच्या दारात टाकीत. ती कुठं गेली असती? दिवसा फाटकाशी कोण राहिलं असतं? आणि फाटक सोडून द्यावं, मिठागरात परत जावं, तर भिवाच्या पायांकडं बघवत नसे. दहा वर्षं खारट पाण्यात उभं राहून त्याच्या तळव्यांना अशा भेगा पडल्या होत्या की त्यांत मीठ नुसतं लागलं तरी तो ओठ चावायचा. डॉक्टर नाही, वैद्य नाही, त्या पायांना या फाटकानंच वाचवलं होतं. तेव्हा फाटक म्हणजे पोटाला भाकरी, आणि फाटक म्हणजेच अडकण. दोन्ही एकाच खिळ्याला टांगलेलं.

ठाण्याकडून येणारी गाडी लांबून दिसे. कल्याणकडून येणारी दिसत नसे. तिवरांची दाटी होती आणि रूळ वळण घेत. ती गाडी कळायची पुलावरून. गाडी खाडीच्या लोखंडी पुलावर चढली की सारा पूल गडगडे, आणि कोपरीची माणसं म्हणत, पूल बोलला. पूल बोलला की फाटक लावायचं, पूल बोलला की गुरं मागं ओढायची, पूल बोलला की पोरं हाकारायची. हे कुणी कुणाला शिकवत नसे.

मथी रांगायला लागली तशी तुळसानं तिच्या कमरेला दोरी बांधली. दुसरं टोक चौकीच्या खांबाला. यात वावगं काही नव्हतं. मिठागरात राबणाऱ्या बायका आपली पोरं अशीच बांधावरच्या खुंटाला बांधत, नाहीतर पोर खाऱ्या पाण्याच्या कोंडीत जायचं. पोराला समज आली की दोरी सोडत. समज आली हे ठरवायची त्यांची एक रीत होती. पोराला पाठमोरं उभं करायचं, आजीनं मागून हाक मारायची, "माघारी फिर!" पोर वळून आजीकडं आलं की आजी आपल्या हातानं गाठ सोडायची, पोराच्या तोंडात गूळ घालायची, आणि दोरी पुढच्या पोरासाठी आढ्याला टांगायची.

मथीची वेळ आली तेव्हा तुळसाची सासू ठमाबाई कोपरीहून गूळ घेऊन आली. बरोबर शेजारच्या दोघी-तिघी. मथी खाडीकडं तोंड करून उभी होती.

"मथे! अगो मथे! माघारी फिर गो बाय!"

मथी हलली नाही.

"मथे!"

"आजीवर गेलीय," एक जण हसली. "सांगितलेलं आयकाचं नाय."

ठमाबाई तिसऱ्यांदा ओरडली तेव्हा कुंपणावरचा बगळा उडाला. मथी आपली चिखलातले खेकडे बघत होती. तुळसानं आतून मथीचा खुळखुळा आणला. ताडाच्या पातीचा विणलेला, आत चिंचोके. मथीला तो फार आवडायचा, झोपेतही सोडायची नाही. तुळसानं तो तिच्या कानामागं धरून हलवला. काही नाही. मग गालाला टेकवून हलवला, आणि मथी खुदकन हसली. गालाशी ते चिंचोके थरथरतात तेवढंच तिला आवडत होतं. आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

तेवढ्यात पूल बोलला. सगळ्या बायकांच्या माना वळल्या. बांधलेली शेळीसुद्धा वळली. मथीची मान तेवढी वळली नाही.

ठमाबाईनं गुळाचा खडा पदराला परत बांधला. "र्‍हाऊ दे गाठ," ती म्हणाली.

मग तेल झालं, अंगारा झाला, कुणी कानात पाला पिळला. मथी वाढत गेली. जुनी दोरी काचायला लागली म्हणून भिवानं नवी जाड दोरी आणली. पोरीच्या कमरेला करगोट्यासारखा काळा वळ पडला.

"दोरीच बरी," भिवा म्हणायचा. "दोरीला कान लागत नाय."

"आन् उद्या सोला वरसांची झाली मंजे? खांबालाच लगीन लावताव काय तिचं?"

"मी काय करू मंग? तूच सांग!"

रोज पोरीच्या अंघोळीला तुळसाला तो वळ दिसायचा. पाणी ओतता ओतता तिचा हात तिथं थांबायचा. एकच ध्यास तिच्या डोक्यात बसला. ही दोरी सुटली पाहिजे. कानानं कळत नसेल तर डोळ्यानं कळेल, हातानं कळेल. रूळ म्हणजे काय, गाडी म्हणजे काय, एवढं पोरीला कळलं की ही गाठ मी माझ्या हातानं सोडीन; सासूच्या गुळाची वाट बघणार नाही.

तिनं मिठागराच्या बांधावरची चिकण माती आणली. तिची गाडी केली: एक इंजन, मागं दोन डबे, काथ्यानं ओवलेले. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेली चाकं, बांबूच्या कामट्यांचे आस. दोन लांब कामट्या शेजारी शेजारी मांडल्या, ते रूळ. मग बोटाएवढी मातीची एक मुलगी केली, ओलीच ठेवली, तिच्या डोक्यावर मथीसारखी शेंडी काढली, आणि ती रुळावर उभी केली. मथी डोळे मोठे करून बघत होती. तुळसानं काथ्या ओढला. गाडी आली आणि मातीची मुलगी चपटी झाली.

"बगितलास? ही तू," तुळसानं मातीकडं बोट दाखवलं, मथीकडं दाखवलं, मग दारापुढच्या खऱ्या रुळांकडं. "तिथं जावाचा नाय."

मथीनं ती चपटी मुलगी उचलली आणि असा हंबरडा फोडला की भिवा ताडकन उठून बसला. "काय झाला?"

"काय नाय. शाला चाललीय."

दुसऱ्या दिवशी मथीनं स्वतः मुली केल्या. वाकड्यातिकड्या, पण शेंडी प्रत्येकीला. त्या तिनं कामट्यांवर ओळीनं मांडल्या. तुळसा खूश झाली. तिनं काथ्या हातात घेतला आणि खूण केली: गाडी येतेय, मुलींना उचल. मथीनं मुलींना हात लावला नाही. ती पुढं झाली आणि दोन्ही तळहातांनी तिनं इंजन धरलं. घट्ट. सोडीचना.

"अगो, तसा नाय! गाडी थांबत नाय. पोरी उचलाच्या!"

पुन्हा काथ्या ओढला, पुन्हा तेच. कितीदा केलं तरी मथी मुलींना हलवायची नाही, गाडीच धरायची. शेवटी तुळसाला हसू आलं. तिनं पोरीचे मातीचे हात पदरानं पुसले आणि गाडी कोनाड्यात ठेवून दिली. तिला वाटलं, हे खेळणं काही जमलं नाही. पोरीला यातून काही कळलं नाही.

दुसरं खेळणं तिला खुळखुळ्यानं सुचवलं. गालाला थरथर कळते, तर डोळ्यालाही कळेल. शिमग्यात फाटलेला भिवाचा डफ पडून होता. त्याचं कातडं भिजवून तिनं एका रुंद करवंटीच्या तोंडावर ताणून बांधलं, वाळवलं, आणि वर चिमूटभर जाडं मीठ पेरलं. करवंटी चौकीच्या उंबऱ्यावर ठेवली, मथीला मांडीत घेतलं आणि वाट बघत बसली.

पूल बोलला. मीठ हललं. आधी एखादा खडा, मग सगळेच उड्या मारायला लागले, कातड्यावरून टणाटण खाली. मथीनं करवंटीकडं बघितलं, मग वळणाकडं. गाडी आली. गेली. मीठ निजलं. मथीनं सांडलेले खडे वेचून पुन्हा कातड्यावर ठेवले आणि आईच्या मांडीत येऊन बसली, पुन्हा नाचवा म्हणून.

आठवडाभरात ती शिकली. मीठ नाचलं की खेळ टाकून धावत येऊन मांडीत बसायचं. तुळसानं भिवाला उठवून हे दाखवलं. तो उकिडवा बसला, मिठाकडं बघत राहिला, आणि त्याचा चेहरा कधी नव्हे तो मोकळा झाला.

"अरे ह्याच्या!" तो म्हणाला. "मिठानं माजं पाय खाल्लं न् पोरीपुढं नाचतंय!"

पण दोरी सुटेना. करवंटी उंबऱ्यावर असायची आणि मथीचे डोळे खेकड्यांवर. दोरी सोडली आणि ती लांब गेली, तर मीठ नाचून नाचून काय उपयोग? लांबूनही दिसेल आणि दिसताच पोर जागच्या जागी उभी राहील असं काहीतरी पाहिजे होतं. तुळसाची नजर खुंटीकडं गेली.

लाल बावटा. उन्हापावसानं त्याचा रंग उडाला होता, कडा विरल्या होत्या. मुकादम नवा आणणार होता. पण जुना हातात दिल्याशिवाय नवा मिळत नसे. कंपनीची चिंधीसुद्धा कंपनीचीच. तुळसानं बावटा जमिनीवर पसरला, विरलेल्या कडेला विळीनं हातभर लांब पट्टी कापली, आणि उरलेली कड पुन्हा दुमडून धाग्यानं अशी टिपली की बघणाऱ्याला कळू नये. पट्टीची तिनं बाहुली केली. आत चिंध्या, डोळे काजळाचे. नखशिखांत लाल.

पंढरी मुकादम आला, जुना बावटा बघितलाही नाही, काखेत मारून गेला. तो साताऱ्याकडचा, बोलायला रांगडा. जाताना म्हणाला, "काय वं तुळसाबाई, पोरीचं कान आलं का?"

"कान नाय आलं. डोलं आलंय," तुळसा म्हणाली.

बाहुलीचा खेळ सोपा होता. आईनं बाहुली वर धरली की जिथं असशील तिथं उभं राहायचं. बाहुली खाली घेतली की चल. मथीला तो एवढा आवडला की ती एका पायावर थांबायची, तोंडात घास धरून थांबायची. तिलाही बाहुली हवी असायची, मग आईनं थांबायचं. भाकरी थापता थापता तुळसा हात हवेत धरून उभी राहायची आणि मथी हसून लोळायची.

मग एका दुपारी तुळसानं गाठ सोडली.

मथी आधी नुसती उभी राहिली. मग चालली. दोरी जिथं संपायची तिथवर गेली आणि आपली आपणच थांबली. कमरेकडं हात नेला, काही नाही, मागं वळून आईकडं बघितलं. तुळसानं मान हलवली. तेव्हा पोरीनं पुढं पाऊल टाकलं, आणि पुढं, आणि कुंपणाशी जाऊन तिवरांच्या पानांना हात लावून आली. तुळसा हातात बाहुली धरून उभी होती. आत भिवा घोरत होता.

त्यानंतर दुपारी दोरी सुटायची, संध्याकाळी बांधायची. तुळसानं मोहन्याला सांगावाही धाडला. पोरीला थोडी आणखी समज येऊ दे, मग सासू फाटकाशी बसेल आणि मी पोरीला घेऊन येईन.

याच दिवसांत एका गाडीवानाची म्हैस रुळावर अडून बसली. पूल बोलला. गाडीवान शेपूट पिळतोय, म्हैस हलत नाही. तुळसानं आतून बावटा आणला, रुळात उभी राहून तो उलगडून हलवला. मालगाडी किंचाळत, ठिणग्या पाडत फाटकाच्या अलीकडं थांबली. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, म्हैस ढकलली, गाडी गेली. तुळसा घाम पुसत मागं वळली तर मथी उंबऱ्यावर उभी होती. हातात बाहुली होती. ती बाहुलीकडं बघत होती, मग बावट्याकडं, मग लांब गेलेल्या गाडीकडं. तुळसाला अभिमान वाटला. किती लक्ष देऊन बघते पोर! करवंटीवरचं मीठ अजून थरथरत होतं आणि तरी पोर जागची हलली नव्हती.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी तुळसा फाटकाच्या पलीकडल्या अंगाला होती. एका गाडीचं चाक खचलं होतं, गाडीवानाला खांदा देत होती. बाहुली तिनं मथीपाशीच ठेवली होती. पूल बोलला. तिनं सवयीनं उंबऱ्याकडं बघितलं. करवंटीवर मीठ नाचत होतं. मांडीत यायला मथी तिथं नव्हती.

मथी रुळावर होती. वळणाकडं तोंड करून, दोन रुळांच्या बरोबर मधे. आणि तिच्यापुढं रुळावर ओळीनं मातीच्या मुली उभ्या होत्या. प्रत्येकीला शेंडी. मथीनं उजवा हात सरळ वर केला होता. हातात लाल बाहुली.

"मथे!" तुळसा ओरडली. ओरडून उपयोग नाही हे तिला ठाऊक होतं, पण तोंडातून दुसरं काही निघेना.

ती फाटकावरून उडी टाकून धावली. मेल होती. ठाण्याला थांबायची म्हणून वेग उतरवलेला, आणि पुढं लाल दिसल्यावर ड्रायव्हरनं होते नव्हते तेवढे ब्रेक आवळले. सगळी लाईन कण्हली. तुळसानं पोरीला कवेत घेऊन खडीवर लोळण घेतली तेव्हा इंजन रांगत रांगत येऊन थांबलं होतं. मातीच्या मुलींच्या चार पावलं अलीकडं.

मथी आईच्या अंगाखालून मान वर काढून बघत होती. तिनं आधी इंजनाकडं बघितलं. मग आपल्या मुलींकडं. सगळ्या उभ्या होत्या. आणि तिचा चेहरा असा उजळला की तुळसाला एका क्षणात सगळं कळलं. पोर एकही धडा विसरली नव्हती. गाडी मुलींना चिरडते, हे तिला कळलं होतं. मीठ नाचलं की गाडी येते, हे कळलं होतं. आणि लाल वर धरलं की थांबायचं, हेही कळलं होतं. फक्त थांबायचं गाडीनं. मथीनं मुलींना हलवलं नाही, तिनं कधीच हलवलं नव्हतं. आज तिचे हात इंजनाएवढे झाले होते, एवढंच.

तुळसानं तिला दोन थोबाडीत दिल्या आणि छातीशी दाबून धरली. मथीला दोन्हींचा अर्थ लागेना.

मेलच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. पहिल्या वर्गातून एक साहेब उतरून खडीवरून चालत आला, ओरडला, घड्याळ बघितलं आणि परत गेला. भिवा उघड्या अंगानं, डोळे चोळत चौकीतून बाहेर आला. अंगात डगला नव्हता. तेही सगळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवरून लाईनीचा साहेब आला, बरोबर पंढरी. साहेबाच्या हातात बाहुली होती; ती ड्रायव्हरनं खडीवरून उचलून नेली होती. तिचं कापड त्यानं भिवाच्या नव्या बावट्याला लावून बघितलं. भिवाचे कान लाल झाले. पंढरीचं तोंड पडलं. जुना बावटा न बघता त्यानंच घेतला होता.

"ये कपडा किदर से?" साहेबानं विचारलं.

तुळसा तोंड उघडणार तोच पंढरी पुढं सरकला. "साहेब, ठेसनच्या उकिरड्यावर पडल्यालं. पोरानं उचललं. मुकं हाय, भैरं हाय. समजत न्हाय त्याला काय."

तुळसाचा जीव तडफडला. समजत न्हाय! पण तिनं ओठ मिटले. पंढरी आपलीच मान सोडवत होता, आणि त्याच फासात भिवाचीही मान होती.

साहेबानं मथीकडं बघितलं. ती त्याच्या हातातल्या बाहुलीकडं हात करत होती.

"बच्चा फिर लाईन पे दिका, तो फाटक दुसरे आदमी को," तो म्हणाला, आणि बाहुली खिशात घालून ट्रॉलीवर बसला.

पंढरी जाता जाता मागं आला, खालच्या आवाजात म्हणाला, "भिवा, लेका, बांध तिला. न्हाईतर गावात धाड. तिच्यापायी आपण सगळे मरू."

संध्याकाळी ठमाबाई आली.

"दे मना," ती म्हणाली. "मी संभालतंय कोपरीला."

"तिथं कुठं ठेवशील आये? दारात कोंडी, मागं खाडी."

"बांधीन खुंटाला."

"मंग हितं न् तितं येगला काय?"

"तितं गाडी नाय."

"तितं मी पन नाय," तुळसा म्हणाली.

भिवा पाय चोळत बसला होता. "तुलसे, हट करू नको. फाटक गेलं तर मना कोंडीत उभा र्‍हायला लागंल. ह्या पायांनी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर तिला बरं वाटलं असतं.

ती उठली. आढ्यावरची जाड दोरी काढली. मथीनं ती बघितली आणि आपण होऊन हात वर केले, कमर मोकळी करून दिली. ते बघून ठमाबाईनं तोंड फिरवलं. तुळसानं गाठ मारली. मग दुसरं टोक हातात घेऊन ती खांबाकडं गेली, उभी राहिली, आणि ते टोक तिनं लुगड्यावरून आपल्याच कमरेला आवळलं.

"आता लाईनीवर जावाची नाय," ती म्हणाली. "गेली तर माज्यासकट."

मोहन्याच्या सांगाव्याचं पुढं काही झालं नाही.

दिवस असे चालले. तुळसा फाटक लावायला जाई, मथी मागं ओढली जाई. मथी खेकड्यामागं धावे, तुळसाच्या हातातला तांब्या सांडे. गाडीवानांना नवी करमणूक झाली. "आमच्या बैलजोडीला बी अशीच येसन पायजे!" तुळसा आता उलट बोलत नसे. दोरीनं तिच्याही कमरेला वळ पडला. पहिल्यांदा दुखला, मग दुखेनासा झाला.

पहिले काही दिवस गाडी आली की मथी हात वर करायची. रिकामी मूठ. गाडी थांबायची नाही. ती गेलेल्या गाडीकडं बघायची, मग मूठ उघडून तळहात बघायची. तुळसाला तिला काही सांगता येत नव्हतं; त्याला खूण नव्हती. करवंटीचं कातडं पावसाळी दमटीनं सैल पडलं, मीठ पाणी होऊन गेलं. मातीची गाडी कोनाड्यात तशीच होती. मथीनं मागितली नाही, तुळसानं काढली नाही. हळूहळू मथी हात वर करायची थांबली.

मग एका दुपारी तुळसा चौकीच्या सावलीत तांदूळ निवडत बसली होती. दोरीच्या लांबीवर मथी अनवाणी, खडीवर बसलेली. कमरेला हिसका बसला. लगेच दुसरा. तुळसाला वाटलं खेकडा दिसला असेल. तिनं लक्ष दिलं नाही. पुन्हा दोन हिसके. तिनं वर बघितलं. मथी हलत नव्हती. तळवे खडीवर दाबून, दोरी मुठीत धरून ती आईकडं बघत होती. कुठंही काही नव्हतं. वारा नव्हता, आवाज नव्हता. तिवरं स्तब्ध.

मग पूल बोलला.

तुळसाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पुढची गाडी आली तेव्हाही तसंच झालं: आधी दोन हिसके, मग पूल. त्या पुढच्या गाडीलाही. तिसऱ्या खेपेला तुळसानं दोरीला उलटा एक हिसका दिला, कळलं म्हणून. मथीच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तेच जुनं हसू आलं. तिनं परत एक हिसका दिला. तुळसानंही दिला. दोघी कितीतरी वेळ दोरी खेचत बसल्या.

दुसऱ्या दिवशी दोन हिसके आले तशी तुळसा उठली आणि पुलाची वाट न बघता तिनं फाटकाचं एक दार लावलं. आतून भिवाचा झोपाळू आवाज आला. आज फाटक लागल्याची कुरकुर त्याला लवकर ऐकू आली होती.

"अगो, पूल बोल्ला काय?"

"अजून नाय."

"मंग फाटक कनाला लावतेस?"

"पोर बोल्ली," तुळसा म्हणाली.

भिवानं कूस बदलली. तुळसा फाटकाच्या दुसऱ्या दाराकडं निघाली. दोरी तेवढी पुरत नव्हती, म्हणून मथीलाही उठून तिच्या मागं जावं लागलं.